पद्मिनीची रबरं : वेंगुर्ल्याच्या मांगरातल्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

गाडीची पूजा झाली. पुढची काच नाही, दारांना रबर नाही, आत सीट नाहीत. पण रंग नवा आहे आणि हार बांधायला पुढची जाळी आहे. आईने नारळ वाढवला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी इतक्यात हलणार नाही म्हटलं, तरी ठेवलंच.

बाबांची ही प्रीमियर पद्मिनी १९८६ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली हँडगिअर. बाबा गेल्यावर मांगरात, म्हणजे आमच्या शेडमध्ये, उभी राहिली ती राहिलीच. पत्रा आणि रंगाचं काम पावसाआधी कुडाळला करून घेतलं. पावसाळाभर ताडपत्रीखाली होती. आता रबरं.

मुंबईहून भावाने पाठवलेला खोका आज उघडला. पुढच्या आणि मागच्या काचेची रबरं, चार दारांची, डिकीचं, क्वार्टर ग्लासची (दाराच्या खिडकीतल्या छोट्या तिकोनी काचेची) जोडी, पेडलची, पाट्यांचे (मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचे) बुश आणि ग्रोमेटांची, म्हणजे पत्र्याच्या भोकात बसवायच्या रबरी कड्यांची, एक पिशवी. सगळं पडवीत चटईवर मांडलं आणि प्रत्येक नव्या तुकड्याशेजारी त्याचा जुना तुकडा ठेवला. काढताना एकही जुनं रबर फेकलं नव्हतं, कडक होऊन मोडलेलं असलं तरी. नव्या रबराचा आकार बरोबर आहे की नाही हे तेच सांगतं. डाव्या मागच्या दाराचं रबर चार बोटं आखूड निघालं. ते परत जाईल.

जुन्या रबरांवरच्या भेगा नीट बघितल्या. जिथे रबर वळणावर ताणलं होतं तिथेच त्या जास्त आहेत, ताणाला आडव्या. हे काम हवेतल्या ओझोनचं. ताणलेल्या रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तो तोडतो. आमच्याकडे सगळे समुद्राच्या खाऱ्या हवेला दोष देतात, पण मिठाने रबर जात नाही. फाटलेल्या रबरामागे खारं पाणी साचतं आणि ते पत्रा खातं. आमच्या गाडीच्या काचेखालचा पत्रा असाच गेला होता.

१३ ऑक्टोबर, रविवार

ग्रोमेट. सगळ्यात लहान काम म्हणून आधी घेतलं.

इंजिन आणि केबिनमधल्या पडद्याच्या पत्र्यात वायरिंगचा जुडगा जातो, तिथला मोठा ग्रोमेट वायरिंगसकट बसवायचा होता. एक बाजू बसली की दुसरी बाहेर. तासभर झटापट झाली. शेवटी चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने कड आत ढकलली, बसला. भोकाच्या कडेचा रंग थोडा उडाला, तो ब्रशने भरला.

संध्याकाळी काका आले. काका म्हणजे आमच्या वाडीतले जुने मेकॅनिक. ही गाडी नवी असल्यापासून तिला हात लावणारे तेच. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर बघितला आणि माझ्या हातातून काढून घेतला.

"बाय, रबराक मारू नको. तेका गरम कर."

चुलीवर पाणी ठेवलं, हात घालवणार नाही इतकं गरम केलं. बाकीचे ग्रोमेट त्यात पाच मिनिटं. मग काका एकेक काढून दोन बोटांत पानाच्या विड्यासारखा दुमडायचे, दुमडलेलं टोक भोकात द्यायचे आणि मागून ओढायचे. ग्रोमेट आपोआप उलगडून खाचेत बसायचा. अकरा ग्रोमेट अर्ध्या तासात. एकालाही हत्यार लागलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

वंगण काय वापरावं यावर घरात तीन मतं. आई म्हणते खोबरेल. शेजारचे ट्रकवाले दादा म्हणतात इंजिन ऑइल, "आम्ही कायम तेच लावतो." काका म्हणतात साबणाचं पाणी.

दाराच्या आखूड निघालेल्या रबराचे चार सारखे तुकडे कापले आणि चार बाटल्यांत घातले: इंजिन ऑइल, खोबरेल, केमिस्टकडचं ग्लिसरीन, आणि भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी. व्हर्निअरने जाडी मोजून चिठ्ठ्या लावल्या. (परत पाठवायचं रबर कापलं म्हणून भावाचा फोन येईल, पण नव्या रबराचे पैसे मी देणार आहे.)

२७ ऑक्टोबर, रविवार

आठवड्याने बाटल्या उघडल्या. इंजिन ऑइलमधला तुकडा फुगून मऊ झालाय, नखाने दाबला तर खूण राहते. खोबरेलातला त्यापेक्षा कमी, पण फुगलाय हे व्हर्निअर न लावताही कळतं. ग्लिसरीन आणि साबणपाण्यातले तुकडे होते तसे.

कारण साधं आहे. दारा-काचांची आजची रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. ऊन, पाऊस, ओझोन हे सगळं ते नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी चांगलं सोसतं, पण खनिज तेल शोषून घेतं. पेट्रोल-ऑइलच्या जागी नायट्राइल रबर लागतं, ते वेगळं. ट्रकवाल्या दादांचं इंजिन ऑइल लावलेलं रबर सहज बसत असणार यात शंका नाही. पुढे ते फुगतं, आणि तेल सुकत नसल्यामुळे खाचेत टिकतही नाही. साबणाचं पाणी काम होईपर्यंत निसरडं राहतं आणि नंतर सुकून जातं. लवकर सुकू नये म्हणून त्यात थोडं ग्लिसरीन.

इथून सावंतवाडीच्या पलीकडे दोडामार्गात रबराच्या बागा आहेत. झाडाच्या सालीला चीर देऊन खाली वाटी बांधतात, त्यात चीक जमतो. तो चीक आणि हे काळं पट्टीचं रबर यांचं नाव एक, स्वभाव दोन. बाटल्यांनंतर हे पक्कं डोक्यात बसलं.

क्लच आणि ब्रेकच्या पेडलची रबरं आज गरम पाण्यातून काढून मोज्यासारखी चढवली. दहा मिनिटं.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

भाऊ आणि पुतण्या आलेत. ओवाळणी झाल्यावर दोघांना मांगरात नेलं.

मागच्या पाट्यांचे बुश. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल भोकातला) बुश म्हणजे बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये घट्ट चिकटलेलं रबर. जुना काढताना काका आग लावू देईनात. जळत्या रबराचा धूर घातक असतो आणि पाट्याचं पोलाद तापलं की त्याचं पाणी (कडकपणा) उतरतं, पाटा बसतो. मग हॅकसॉचं पातं डोळ्यातून आत घालून बाहेरच्या नळीला आतून एक चीर दिली आणि ती आत दुमडून काढली. एका डोळ्याला दीड तास, हाताला फोड.

नवे बुश काल रात्री फ्रीजरमध्ये, बांगडा माशांच्या डब्याशेजारी. थंडीने नळी मिलिमीटरच्या शतांशात आकसते, तेवढं पुरतं. आटे असलेला लांब रॉड डोळ्यातून घातला, एका बाजूला बुश, दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट, दोन्हीकडे जाड वायसर, आणि पाना फिरवत ओढला. हातोडीच्या ठोक्याने बुश तिरका शिरतो. रॉडने ओढला तर सरळ जातो, आणि तिरका होऊ लागला तर पान्याला हाताखाली लगेच कळतं. पुतण्याला ते कळलं. दुसऱ्या बाजूचा बुश त्याने एकट्याने बसवला.

मग तो बोल्ट आवळायला गेला. गाडी गुटक्यांवर, चाकं लोंबकळत. काकांनी पाना धरला.

"थांब रे. आधी गाडी खाली उतरय, मगे नट आवळ."

बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला पक्की होते आणि पाटा हलताना मधलं रबर पिळलं जातं. पिळणं हेच त्याचं काम. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं. गाडी चाकांवर आणली, मागे पुतण्याला आणि भावाला बसवलं, दोनचार वेळा हलवली, मग आवळले.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस लिहायला जड जातोय.

पुढची काच बसवायला घेतली. गोधडीवर काच ठेवून तिच्याभोवती रबर चढवलं, सांधा खाली मधोमध. पत्र्याच्या कडेसाठी रबराला बाहेरून जी खाच असते तिच्यात दोरी भरली. बंदरावर जाळ्यांच्या सामानाच्या दुकानातून चार मिलिमीटरची नायलॉनची गुळगुळीत दोरी आणली होती. रिकाम्या बॉलपेनच्या नळीतून दोरी ओवून ती नळी खाचेतून फिरवली की दोरी मागे अंथरली जाते. दोन्ही टोकं खाली मधोमध एक वीतभर एकमेकांवरून नेऊन आतल्या बाजूला सोडली.

भाऊ आणि काका बाहेर काच धरून, मी आत दोरी धरून. साबणपाणी सगळीकडे. दोरी काचेच्या मध्याकडे ओढायची. ती निघताना रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उचलून आत घेते. मी ओढेन तिथेच बाहेरच्याने तळव्याने थोपटायचं. खालची कड नीट बसली. उजवा कोपरा बसला. डावा खालचा कोपरा येईना. साबणपाणी वाढवलं. पुन्हा ओढलं. मी पाय डॅशबोर्डला लावून ओढलं आणि दोरी रबर कापत बाहेर आली. ओठ दोन इंच फाटला.

काच काढून परत गोधडीवर ठेवली. सुदैवाने काच धड आहे. कोणी काही बोललं नाही. रबर गेलं, नवं मागवावं लागेल. भाऊ रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. पुतण्या सुट्टी संपेपर्यंत थांबणार म्हणाला.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि व्हर्निअर घेऊन मांगरात.

फाटलेलं रबर तसंच ठेवलं होतं. काका दहा दिवस त्याच्याकडे बघत होते. आज म्हणाले, "रबर खोटा बोलणा नाय. पत्र्याक विचार."

काचेच्या चौकटीची पत्र्याची कड एकेक वीत अंतरावर मोजली. वरच्या बाजूला आणि उजवीकडे दोन मिलिमीटरच्या आसपास: दोन पत्रे एकमेकांना जोडलेले, वर रंग. डाव्या खालच्या कोपऱ्यात साडेतीनच्या वर. तिथे गंजलेला भाग कापून नवा तुकडा जोडताना तो जुन्या कडेवर चढवून वेल्ड केलाय, म्हणजे दोनाच्या जागी तीन पत्रे. सांधा दिसू नये म्हणून वर लांबी (पुट्टी), मग प्रायमर, मग रंग. दिसायला कोपरा इतका सुंदर आहे की मी तो रंग झाल्या दिवशी हाताने कुरवाळला होता. रबराची खाच अडीच मिलिमीटरची.

त्या खाचेत साडेतीन मिलिमीटर जाणारच नव्हते. साबण, ग्लिसरीन, गरम पाणी, चौघांची ताकद, कशानेही नाही. रबराने पहिल्या ओढीतच हे सांगितलं होतं आणि मी पाय लावून ओढलं. हे मनाला फार लागलं. रंगाच्या आधी व्हर्निअरने दहा मिनिटं मोजलं असतं तर दोन आठवडे आणि एक रबर वाचलं असतं. कोणी गाडी करायला घेतली असेल तर हे रंगाआधी करा. रबराचा एक तुकडा घेऊन तो चौकटीभर कडेवरून फिरवा. जिथे अडेल तिथे खडूने खूण करा.

२४ नोव्हेंबर, रविवार

वेल्डर मशीन घेऊन घरी आला. चढवलेला भाग कापला, नवा तुकडा कडेला कड लावून टाक्या-टाक्याने जोडला, प्रत्येक टाक्यानंतर ओलं फडकं. आजूबाजूचा रंग तीन बोटं काळवंडला. घासून पत्रा समपातळीत आणला, इपॉक्सी प्रायमर लावला. कड आता सव्वादोन.

१ डिसेंबर, रविवार

काचेचं नवं रबर यायचंय. तोवर दारं.

दाराचं रबर चिकटवायला सुतार सनमायकाला लावतात तसलं ॲडहेसिव्ह. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच दाबायचं. काल दुपारी तीनला उजवं पुढचं दार केलं. आज सकाळी वरची अख्खी पट्टी लोंबत होती. ॲडहेसिव्हवर पांढुरकी साय धरलेली.

यालाही कारण हवाच. ॲडहेसिव्हमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर त्यावर वाफेचं पाणी धरतं, मग दोन थर एकमेकांना भेटतच नाहीत. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, हवा ओली. पहाटे मतलई वारा कोरडा, पण पत्र्यावर दंव असतं. मधली वेळ आमच्याकडे साडेनऊ ते साडेअकरा. दंव उडालेलं, समुद्राचा वारा अजून लागलेला नाही. लहानपणी भूगोलात पाठ केलेले खारे आणि मतलई वारे इतके कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

आज पट्टी पूर्ण काढून, थिनरने पुसून, दहा वाजता पुन्हा लावली. घट्ट आहे. लावताना रबर जराही ताणलं नाही, उलट कोपऱ्यांत थोडं आत रेटत गेले. ताणून लावलेली पट्टी पुढे आकसते आणि कोपऱ्यातून सुटते.

८ डिसेंबर, रविवार

चारही दारं झाली, पण लागत नव्हती. ढकलली तर उशीसारखी परत येत. काकांनी रबराची पोकळ नळी बोटांनी दाबून बघितली. आतली हवा निघायला भोकंच नाहीत. जुन्या रबराला होती, खालच्या अंगाला, सुईच्या जाडीची. दाभण घेऊन वीत-वीतभर अंतरावर पत्र्याकडच्या बाजूने भोकं पाडली. दार लावताना आता फुस्स असा बारीक आवाज येतो आणि दार जातं. तरी थोडं जड आहे. रात्रभर लावून ठेवलीत, रबर आपला दाब घेईल. कुलपाचा खटका बाहेर सरकवायची घाई करणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार

काच बसली.

नवं रबर अर्धा तास उन्हात गोधडीखाली ठेवून ऊबदार केलं. तीच दोरी, तीच पेनची नळी. बाहेर काका आणि ट्रकवाले दादा, आत मी. खालची कड, मग डावा खालचा कोपरा. तिथे पोचल्यावर माझा हात आपोआप थांबला.

"ओढ गे," काका बाहेरून म्हणाले, "हळू ओढ."

ओढली. ओठ पत्र्यावरून आत आला, जणू कधी अडलाच नव्हता. दोन्ही बाजू वर, मग वरची कड. दोरीचं शेवटचं टोक हातात आलं तेव्हा घड्याळात फक्त वीस मिनिटं झाली होती. काकांनी सगळीकडून तळव्याने थोपटून घेतलं. दादांनी साबणपाण्याचा वास घेऊन बघितला आणि काही बोलले नाहीत, पण जाताना लिक्विडची बाटली मागून नेली.

क्रोमची पट्टी दुपारी. तिच्यासाठी रबराची वरची खाच उघडून धरावी लागते. आईच्या विणकामाच्या सुईचं बोथट टोक यासाठी उत्तम.

२२ डिसेंबर, रविवार

क्वार्टर ग्लास. आकार लहान, वळणं तीव्र. उकळत्या पाण्याजवळचं तापमान लागलं, हातमोजे घालून. डावी एका प्रयत्नात, उजवी चौथ्या.

२९ डिसेंबर, रविवार

पाण्याची परीक्षा. आत सगळीकडे वर्तमानपत्राचे कागद अंथरले. पुतण्या नाताळच्या सुट्टीत आलाय, त्याने बागेच्या पाइपाने अर्धा तास गाडीवर पाऊस पाडला. मी आत टॉर्च घेऊन.

काच कोरडी. डावा खालचा कोपरा कोरडा. तिथे बोट फिरवून तीनदा बघितलं. दारं कोरडी. पण क्लचच्या पेडलखालचा कागद ओला.

"पाणी खयसून येता?" काका खिडकीतून.

वरून माग काढत गेले. काचेखालून नाही, हवेच्या जाळीतून नाही. वायरिंगचा जुडगा जिथून आत येतो तिथून, थेंब थेंब. १३ ऑक्टोबरला मी स्क्रू-ड्रायव्हरने बसवलेला पहिला ग्रोमेट. आरशाने मागची बाजू बघितली. ओठाला नखाएवढी चीर, स्क्रू-ड्रायव्हरच्या पात्याच्या रुंदीची.

५ जानेवारी २०२५, रविवार

तो ग्रोमेट बदलायचा म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा मागे ओढायचा. फ्यूजबॉक्सपासून सतरा जोड सोडवले, प्रत्येकावर चिकटपट्टीने नंबर घातला. सकाळ गेली. गरम पाणी, दुमडलेला ग्रोमेट, मागून ओढला, बसला. वायरिंग परत जोडायला दुपार. पुन्हा अर्धा तास पाइप.

क्लचखालचा कागद कोरडा आहे. उद्या सीट आणायला कुडाळला जायचंय.